गाडी कुठली होती?

अपघाताची बातमी कानावर पडली की कोणीही विचारतं, "माणूस कसा आहे?" आमच्या वकीलबाई विचारायच्या, "गाडी कुठली होती?" समोर पांढऱ्या कपाळाची बाई पदराने डोळे पुसत बसलेली असायची, सोबत आलेला दीर नाहीतर भाऊ खाली मान घालून बसलेला असायचा, आणि त्यात बाईंचा हा प्रश्न. एकदा एका म्हाताऱ्याने त्यांना तोंडावर सुनावलं होतं, "बाई, पोरगा गेला माझा. गाडीचं काय घेऊन बसल्या?" बाई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, पोरगा गेला हे तुम्हाला कळतं, मला कळतं. कायद्याला आधी गाडी कळते. त्याचं एकदा ऐकून घेऊ, मग आपण रडू."

मी स्वतः त्यांच्याकडे अशीच गेले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा मामा मित्राच्या स्कूटरवर मागे बसून ओझरहून नाशिकला येत होता. कुत्रं आडवं आलं. मित्र खरचटण्यावर वाचला, मामा गेला. मामीला घेऊन मी कोर्टासमोरच्या एका जुन्या इमारतीचा अंधारा जिना चढले. बाईंनी गाडी विचारली. स्कूटर म्हटल्यावर विचारलं, "पुढे होते की मागे?" माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "पुढे काय आणि मागे काय, माणूस तोच ना?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हेच मी इतकी वर्षं कोर्टात विचारते आहे," त्या म्हणाल्या. मग मामीकडे वळून त्यांनी सगळं सरळ समजावून सांगितलं. त्या स्कूटरचा विमा साधा होता, कायद्यापुरता. स्कूटर रस्त्याने चालणाऱ्या माणसाला धडकली असती, तर विमा कंपनी बांधील होती. पण स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी त्या विम्यात बसत नव्हती. मामीने विचारलं, "म्हणजे हे गाडीवर बसले नसते आणि गाडीखाली आले असते, तर चाललं असतं?" बाई म्हणाल्या, "हो."  दावा मित्रावर लावता आला असता, पण तो रोज संध्याकाळी मामीच्या दारात येऊन रडत होता. मामीने नकारार्थी मान हलवली. बाईंनी फी घेतली नाही. आम्ही जिन्यापर्यंत पोचलो, तेव्हा मागून आवाज आला, "ए मुली, रागावलेली, तुला टायपिंग येतं का गं?"

येत होतं. पुढची चौदा वर्षं मी त्यांच्याकडे टाईप करत होते.

बाई बुटक्या होत्या, रंगाने सावळ्या, आणि त्यांचा काळा कोट खांद्यावर विटून तपकिरी झाला होता. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती आणि नाशिकमध्ये बायका काय, पुरुषही हेल्मेट घालत नव्हते तेव्हापासून त्या हेल्मेट घालत. कोर्टाच्या बाररूममध्ये इतरांच्या छत्र्या लटकायच्या त्या खुंटीवर ह्यांचं लाल हेल्मेट लटकलेलं असायचं. पुरुष वकील हसायचे. बाईंना त्याचं काही नसायचं. अपघाताच्या दाव्यांत त्या कशा पडल्या असं कोणी विचारलं तर त्या कुठलीही करुण कहाणी सांगत नसत. म्हणायच्या, "जमिनीचे दावे पुरुषांनी घेतले, घटस्फोटांचे नात्यागोत्यातल्यांनी. हे मेलेल्यांचे उरले होते, ते माझ्या वाट्याला आले."

अर्ज टाईप करताना माझं काम सोपं होतं. पहिल्या परिच्छेदात माणसाचं नाव, वय, धंदा, दुसऱ्यात गाडी. पण बाईंनी मला उलटं शिकवलं. आधी दुसरा परिच्छेद टाईप करायचा. एसटीत बसून मेला, की रिक्षात, की टेम्पोच्या मागच्या हौद्यात, की ट्रॅक्टरच्या मडगार्डावर. एकच रस्ता, एकच खड्डा, एकच माणूस. बसमध्ये असेल तर प्रवासी. टेम्पोत असेल तर फुकट बसलेला. ट्रॅक्टरवर असेल तर तिथे बसणाऱ्याला जागाच नाही, कारण ट्रॅक्टर शेतीचा, आणि शेतीच्या कामात माणूस धरत नाहीत. "लिहून घे विजू," त्या म्हणायच्या, "हा मरायच्या आधी चुकीच्या गाडीत बसला होता." आणि हातातली पेन्सिल कागदावर इतकी दाबायच्या की टोक मोडून माझ्या मशिनवर उडायचं. आठवड्याला एक पेन्सिल लागायची.

त्यांचा राग मी भर रस्त्यात पाहिला तो नाशिकच्या द्वारका चौकात. हेल्मेटची मोहीम अधूनमधून निघायची आणि विरायची, त्यातलीच एक मोहीम चालू होती. मी बाईंच्या मागे बसले होते, त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, माझ्या नव्हतं. हवालदाराने हात केला. बाईंनी स्कूटर बाजूला घेतली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. हिची चूक आहे, माझीही आहे. फाडा पावती." हवालदार चकित झाला असावा, कारण त्याला वाद घालणारी माणसंच भेटायची. तो पावती लिहीत होता तेवढ्यात सिन्नरकडून एक ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉली. चैत्रातली यात्रा होती, माणसं वणीच्या गडावर चालली होती. ट्रॉलीत बायका, लेकरं, म्हातारी, ढोलकं, भगवे झेंडे, आणि काठावर पाय बाहेर सोडून बसलेली पोरं. ट्रॉलीला मागे दिवा नाही, नंबर नाही. हवालदाराने लिहिता लिहिता डाव्या हाताने त्याला पुढे जायची खूण केली.

बाई चालत गेल्या आणि ट्रॅक्टरच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या.

"अहो बाई, काय करता!" हवालदार धावला. "देवीला चाललेत ते."

"हिला एक डोकं आहे म्हणून तुम्ही पावती फाडली," बाई म्हणाल्या, "त्या ट्रॉलीत मी आत्ता चौतीस मोजली. त्यांची कुठे आहे पावती?"

मागून हॉर्न वाजायला लागले. ट्रॉलीतली एक जाडजूड बाई उठून उभी राहिली आणि ओरडली, "ओ ताई, व्हा की बाजूला! सकाळच्या आरतीला गाठायचंय आमाला. तुमचं काय जातंय?"

बाई म्हणाल्या, "माझं काही जात नाही, तुमचं जाईल."

"वंगाळ बोलू नका देवीच्या वाटंवर!" ती बाई कडाडली आणि बाकीच्या बायकांनी तिला साथ दिली.

हवालदाराने मग बाईंना हळू आवाजात जे विचारलं ते मला आजही आठवतं. तो पन्नाशीचा, दमलेला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, कलम मलाही माहीत आहे. उतरवतो सगळ्यांना. मग ही माणसं जातील कशानं, तेवढं सांगा."

 ट्रॅक्टर त्यांना वळसा घालून गेला, पोरांनी शिट्ट्या मारल्या.  दुसऱ्या दिवशी डबा खाताना अचानक म्हणाल्या, "हवालदार बरोबर बोलला. ज्या गाडीत बसू नका म्हणून कायदा सांगतो, त्याशिवाय दुसरी गाडीच त्यांच्या दारात जात नाही. आणि मेल्यावर तोच कायदा विचारतो, तिथे का बसला होतात."

मग जनीबाईचा दावा आला.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात. छाटणीला येतात, काढणीला येतात, बागेतच झोपडी टाकून राहतात आणि शिमग्याच्या आधी घरी परततात. जनीबाई आणि तिचा नवरा गंगाराम असेच दर वर्षी येत. त्या वर्षी काढणी संपल्यावर बागाईतदाराने एक टेम्पो ठरवला आणि बावीस माणसं त्यात चढवून दिली. बागाईतदार वाईट नव्हता. निघताना त्याने पोरांना गूळ-शेंगदाणे दिले होते, हेही जनीबाईने सांगितलं. पेठच्या रस्त्याला घाटात एका वळणावर टेम्पोचा ब्रेक लागला नाही. कठडा तोडून तो खाली गेला. तिघं गेले. त्यातला एक गंगाराम.

महिनाभर आधी त्याच वळणावर, त्याच कठड्यावरून एक आरामबस घसरली होती. गुजरातेतून येत होती. तिच्यात गंगापूर रोडला राहणारे एक बँकेतले साहेब गेले. त्यांचाही दावा बाईंकडेच होता. कोर्टाच्या बोर्डावर दोन्ही प्रकरणं एकाच दिवशी लागायची, त्यामुळे साहेबांची बायको आणि जनीबाई बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसायच्या. एक फिकट साडीतली, पर्स मांडीवर धरलेली. दुसरी नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, मांडीवर चार वर्षांची पोर. पहिल्या तारखेला दोघी गप्प होत्या. दुसऱ्या तारखेला जनीबाईने विचारलं, "तुजा बी त्याच वळणाला?" साहेबांच्या बायकोने मान डोलावली आणि आपली पाण्याची बाटली पोरीपुढे धरली.

बसचं प्रकरण लवकर मिटलं. तडजोड झाली, विमा कंपनीने खळखळ केली नाही; प्रवासी तिकीट काढून बसमध्ये बसला होता, बोलायला जागाच नव्हती. शेवटच्या दिवशी साहेबांची बायको बाईंच्या टेबलापाशी घुटमळली. "त्या पोरीच्या आईचं कधी होईल?" तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "ती बसमध्ये नव्हती." साहेबांच्या बायकोला ते कळलं नाही, आणि बाईंनी समजावलंही नाही.

टेम्पो मालवाहू. मालवाहू गाडीत माणसं भरायची नाहीत, भरली तर त्यांचा भार विमा कंपनीवर नाही. पण कायद्यात एक फट होती. माल घेऊन जाणारी गाडी असेल आणि त्या मालासोबत मालाचा मालक बसला असेल, तर त्या मालकाची जबाबदारी कंपनीवर येते. म्हणजे कांद्याच्या गोणीबरोबर माणूस मेला, तर माणूस धरायचा. गोणी नसेल, तर नाही. हे मी प्रथम टाईप केलं तेव्हा मला वाटलं माझ्याकडून एखादी ओळ सुटली. मी पुन्हा वाचलं. ओळ सुटली नव्हती.

बाईंनी आधी सरळ मार्ग काढून पाहिला. त्या माणसांकडे भांडी होती, गोधड्या होत्या, दोन कोंबड्या होत्या. हाच त्यांचा माल, आणि तेच त्याचे मालक. दोन दिवस त्या पुस्तकं उपसत बसल्या. तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटलं. अंगाबरोबरचं सामान म्हणजे माल नव्हे, असं आधीच ठरून गेलं होतं.

त्या दुपारी जनीबाईचं प्रतिज्ञापत्र सांगायला त्या उभ्या राहिल्या. त्या नेहमी उभ्यानेच सांगत, खिडकीकडे तोंड करून. लग्न कधी झालं, मुलं किती, काम कुठलं, असं करत वाक्य आलं, "सदर टेम्पोत माझे मयत पती यांच्या मालकीच्या कांद्याच्या दोन गोण्या होत्या व त्या गावी नेण्यासाठी त्यांनी सदर टेम्पो भाड्याने घेतला होता."

माझी बोटं थांबली.

"काय झालं?"

"बाई, गोण्या नव्हत्या."

"माहीत आहे मला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या बाईंनी इतक्या वर्षांत एका साक्षीदाराला एक शब्द पढवला नव्हता, उलट पढवून आलेल्यांना जिन्यावरून परत पाठवलं होतं, त्या ह्या बाई. त्या खिडकीकडून वळल्या. चेहरा लाल झाला होता. "बावीस माणसं होती त्यात," त्या म्हणाल्या, "बावीस. रक्ता-मांसाची. त्यांच्याकडे बघून कायदा विचारतो, माल आहे का? नाही ना दिसत त्याला माणूस? मग घे म्हणावं. देते मी माल. दोन कशाला, दहा गोण्या देते. टाईप कर."

मी टाईप केलं. आज मी म्हणू शकते की मी नको म्हणाले होते, पण ते खरं नाही. मला आनंद झाला होता. माझ्या मामाचा राग माझ्या बोटांत होता आणि मी ते वाक्य एकही चूक न करता टाईप केलं.

जनीबाईला बाईंनी ते वाचून दाखवलं आणि गोण्यांचं का लिहिलं तेही सांगितलं. तिने सगळं ऐकलं. अंगठा लावला.

उलटतपासणीच्या दिवशी विमा कंपनीचे वकील उठले. सभ्य गृहस्थ होते, बाईंनी त्यांना कितीदा आपल्या थर्मासमधला चहा दिला होता. त्यांनी आवाज चढवला नाही. विचारलं, "जनीबाई, तुमच्यासोबत टेम्पोत माल काय होता?"

जनीबाईने बाईंकडे पाहिलं. मग वर न्यायाधीशांकडे पाहिलं.

"माल नाय व्हता सायेब," ती म्हणाली. "आमीच व्हतो."

 विमा कंपनीच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्राची प्रत उचलली आणि तुमच्याच अंगठ्याखाली दोन गोण्यांचं लिहिलंय, ते खोटं का, असं विचारायला तोंड उघडलं, तोच बाई उभ्या राहिल्या. "साक्षीदार खरं बोलते आहे," त्या म्हणाल्या. "ते वाक्य तिचं नाही. माझं आहे."

न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मनात आणलं असतं तर बाईंची सनद गेली असती. ते म्हणाले, "बाई, बसा." मग लेखनिकाला म्हणाले, "साक्षीदार म्हणते, माल नव्हता. एवढंच घ्या." विमा कंपनीच्या वकिलांनीही पुढे काही विचारलं नाही. पण बातमी बाररूमला पोचायला कितीसा वेळ लागतो? त्या दिवसापासून लाल हेल्मेटाच्या खुंटीखाली कोणीतरी खडूने 'गोणी' असं लिहून ठेवायचं. बाई रुमालाने पुसायच्या आणि हेल्मेट अडकवायच्या.

बाहेर बाकावर जनीबाई पोरीला घेऊन बसली होती. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मी पुढे उभी. जनीबाईच म्हणाली, "बाय, रागावलीस का? मना खोटा बोलाया नाय जमला."

"रागावले आहे," बाई म्हणाल्या, "पण तुझ्यावर नाही."

"तो गोणीवर बसून मेला असा झाला असता," जनीबाई म्हणाली. "तो बसला नव्हता, बाय. जागाच नव्हती. उभा व्हता, आनि हिला धरून व्हता. खाली पडलो तवाबी धरूनच व्हता." तिने मांडीवरच्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. पोर गाढ झोपलेली होती.

बाईंनी चष्मा काढला. मला त्यांची पाठ दिसत होती, विटलेल्या कोटाची. त्या रडल्या की नाही ते मला सांगता येणार नाही.

निकाल लागला तो टेम्पोच्या मालकावर. विमा कंपनी सुटली. मालकाचा टेम्पो कर्जाचा, तोही भंगारात गेलेला; निकालाच्या आधीच तो गुजरातेकडे निघून गेला आणि परत सापडला नाही. जनीबाईच्या हातात निकालाची प्रत राहिली. बाईंनी वर अपील केलं, स्वतःच्या खर्चाने. त्याला तारखा पडत राहिल्या. आणि छाटणीच्या हंगामात जनीबाई पुन्हा पिंपळगावला आली. टेम्पोतून.

हे कळल्यावर बाई पेटल्या. त्या हंगामात आणि पुढच्या प्रत्येक हंगामात आम्ही दोघी स्कूटरवरून पिंपळगावला जायचो. बागाईतदारांना भेटायचो. बाई सांगायच्या, माणसं आणता-पोचवता तर बस करा. काही जण ऐकून घ्यायचे, काही आमच्याकडे पाठ करून पेट्या मोजत राहायचे. एकजण म्हणाला, "बाई, द्राक्षाच्या पेट्या थंड गाडीतून जातात, कारण त्या नासतात. माणूस नासत नाय." तो विनोद म्हणून बोलला आणि स्वतःच हसला. बाई हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी मला सांगितलं, "वही काढ, विजू. हे वाक्य लिहून ठेव." का, ते मला कळलं नाही. कोर्टात ते कुठेच वापरता येणार नव्हतं.

मजूर तरी ऐकतील असं मला वाटायचं. ते हसायचे. एक म्हातारा म्हणाला, "बाय, गाडी पाड्यावर येत नाय. फाट्याला सोडते. तठून दोन कोस चालाचा. पोरा, भांडी, कोंबड्या घेवून कसा चालाचा?" एका वर्षी एका बागाईतदाराने खरंच बस केली. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी बसच्या दारात उभं राहून प्रत्येकाला हात धरून आत चढवलं, सीटवर बसवलं, आणि एका पोराला खिडकी उघडून दिली. पुढच्या वर्षी बसवाल्याने नाही म्हटलं. रस्ता कच्चा, सीटवर कोंबड्यांची घाण, त्याला परवडत नाही. बागाईतदार म्हणाला, मी काय करू? आणि खरंच, तो तरी काय करणार होता? टेम्पो उभाच होता.

शेवटची दोन वर्षं बाईंची किडनी कामातून गेली होती. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागे. स्कूटर विकली. मी रिक्षाने त्यांना न्यायची. एकदा पलंगावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "विजू, मी सगळ्या आयुष्यात कोर्टात एकदाच खोटं बोलले आणि तेही मला धड जमलं नाही." मी म्हणाले, "बाई, तुम्ही काही चुकीचं केलं नव्हतं." त्या एकदम उठून बसायला लागल्या, नळ्या लावलेल्या असताना. "केलं होतं. तिच्या नवऱ्याला मी गोणीचा मालक केला. तो बाप होता. तिने मला दुरुस्त केलं." मग थकून पडल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अपिलाची तारीख बघून ठेव."

अपिलाची तारीख लागायच्या आधी बाई गेल्या.

जनीबाईच्या पाड्यावर एका दुकानात फोन होता, त्याच्यावर मी निरोप ठेवला होता. कोणी येईल असं वाटलं नव्हतं. बाररूममधले पाच-सहा वकील आले, विमा कंपनीचे ते सभ्य वकीलही आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. अमरधामात सगळं आटोपत आलं तेव्हा बाहेर रस्त्यावर एक टेम्पो थांबला. मागचा फाळका पडला आणि त्यातून माणसं उतरायला लागली. पंधरा-सोळा तरी असतील. त्यात जनीबाई होती. आता तिचे केस पिकले होते आणि गुडघ्याने ती अधू झाली होती. सोबत ती पोर, आता मोठी झालेली. त्यांनी रानातली पिवळी फुलं आणली होती, उन्हाने मऊ पडलेली. ती त्यांनी चितेवर वाहिली आणि सगळे खाली बसून राहिले. कोणी मोठ्याने रडलं नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा ते निघाले. टेम्पोपाशी मी त्यांना अडवलं. रडून माझा आवाज बसला होता आणि तरीही मला राग आला होता. मी म्हणाले, "ह्यात नका जाऊ. माझ्याबरोबर स्टँडवर चला. मी सगळ्यांची तिकिटं काढते."

जनीबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फाट्याची शेवटची गाडी गेली असल, बाय," ती म्हणाली. "आनि फाट्यापासून ह्या गुडघ्यानं मी चालू कशी?"

 ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाकीची माणसं चढली, एकमेकांचे खांदे धरून उभी राहिली. पोर वर चढून आईसाठी हात पुढे करून थांबली. जनीबाईने एक पाय उचलून पाहिला, तो तिथवर पोचेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून तिच्या पायाखाली धरली आणि तिला वर चढवून दिलं. मग ड्रायव्हरने येऊन फाळका लावला.